‘उद्या करतो’ म्हणण्यामागे काय असतं?



मागच्या मे महिन्यात काटोल तालुक्यातल्या एका गटात गेले होते. बँकेच्या कर्जाची फाईल तयार होती, पण तीन महिन्यांचे लेखे लिहिलेलेच नव्हते. सचिव ताईंना विचारलं की एकच उत्तर, "उद्या करतो मॅडम." मी सगळ्यांसमोर बोलून गेले, "ताई, एवढा आळस बरा नाही." पुढच्या बैठकीला त्या आल्याच नाहीत.

मग मी त्यांच्या घरी गेले. चहा झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "२४० रुपये जुळून नाही राह्यले. सगळ्या बाया म्हणतीन, इनंच खाल्ले. म्हणून रजिस्टर उघडाचंच भेव वाटते."

आम्ही दोघी बसलो. दीड तासात हिशोब लागला. बँकेत जायचं भाडं १४० रुपये आणि नवीन रजिस्टर १०० रुपये, एवढा खर्च लिहायचा राहून गेला होता. पण तोवर फाईल लांबली होती आणि पेरणीच्या तोंडावर गटातल्या दोघींना सावकाराकडून पैसे घ्यावे लागले. चूक माझीही होती. मी कारण न विचारता आळशी म्हणून मोकळी झाले.

काम पुढे ढकललं जातं, त्याची कारणं वेगवेगळी असतात. कारण सापडलं की उपायही सापडतो.

१. भीती. चुकेल, लोक हसतील, संशय घेतील. भीतीचं काम टाळलं की त्या दिवशी बरं वाटतं, म्हणून आपण पुन्हा टाळतो. काम मात्र वाढत जातं.
उपाय : एकटीने करू नका. अध्यक्ष किंवा कोषाध्यक्ष ताईला सोबत घेऊन बसा.

२. काम फार मोठं वाटणं. "पापडाचा उद्योग सुरू करायचा" म्हटलं की सुरुवात कुठून करावी हेच समजत नाही.
उपाय : एकच पायरी ठरवा. "बुधवारी दुकानात जाऊन उडीद डाळीचा भाव विचारणार." बस, एवढंच.

३. वेळच नसणं. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, देशात घरकाम करणाऱ्या बाईचे रोज सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, पुरुषाचे ९७. त्यात शेत, मजुरी, ढोरंवासरं वेगळीच. याला आळस कसं म्हणायचं?
उपाय : घरी कामाची वाटणी मागा. गटाचं काम बैठकीतच पूर्ण करा.

४. अंगात ताकद नसणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांमध्ये रक्त कमी आढळलं. रक्त कमी असलं की थकवा येतो, कशात मन लागत नाही.
उपाय : आशाताईला सांगून हिमोग्लोबिन तपासा. १२ पेक्षा कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या घ्या.

५. मन उदास असणं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस काहीच करावंसं वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर तो आजार असू शकतो. यात लाज कसली?
उपाय : सरकारी टेलिमानस हेल्पलाईन १४४१६ वर मोफत बोलता येतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातही सांगा.

पुढच्या बैठकीत हे करा

प्रत्येकीने आपलं एक राहिलेलं काम सांगायचं. मग वरच्या पाचपैकी कोणतं कारण, ते सांगायचं. बाकीच्यांनी हसायचं नाही, सल्ल्यांचा भडिमार करायचा नाही. शेवटी एक छोटी पायरी, वार आणि सोबत कोण, हे ठराव वहीत लिहायचं. त्यापुढच्या बैठकीत सगळ्यात आधी तेच वाचायचं.

त्या सचिव ताई आता दर बैठकीत उठायच्या आधी हिशोब मोठ्याने वाचून दाखवतात. एखादी ताई "उद्या करतो" म्हणाली, तर मीही आता आधी विचारते, "ताई, कुठं अडलं?"

तुमची क्षेत्र समन्वयक