आधी काम ठरवा, मग माणूस

घरात कुणी अंथरुणाला खिळलं की रिसोडात पहिला शब्द निघतो तो "कोणी बाई मिळते का पाहा" असा. घोळ इथेच सुरू होतो, असं माझं ठाम मत आहे. मुलं पुण्याला, सून शाळेवर किंवा सोयाबीनच्या सोंगणीत, म्हणून मावशी ठेवतात. पण "आजोबांकडे लक्ष ठेवा" यात नेमकं काय येतं, हे ना सांगणाऱ्याला ठाऊक असतं ना ऐकणारीला. मग धुणीभांडी चकाचक होतात आणि ज्यांच्यासाठी ती आली त्यांची कूस सकाळपासून बदललेली नसते. स्वतःहून हलता न येणाऱ्याला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं. नाहीतर माकडहाड आणि टाचांवरची कातडी आधी लाल होते, मग फाटते. बोटाने दाबूनही लाली फिकी पडत नसेल तर जखम सुरू झाली समजा. तेव्हाच पाहिलं तर बरंचसं निभावतं. राहून गेलं तर महिनोन्‌महिने ड्रेसिंग करावं लागतं.

म्हणून माणूस शोधण्याआधी कामाची यादी लिहा. आंघोळ, भरवणं, कूस बदलणं, शौचाला नेणं हे मावशीचं. लघवीची नळी बदलणं, खोल जखमेचं ड्रेसिंग हे नर्सचं. इन्सुलिन देणं किंवा नाकातल्या नळीतून भरवणं हे नर्सने समोर करून दाखवल्याशिवाय कुणाच्याही हाती सोपवू नका. पैशांचा हिशेब आणि डॉक्टरांशी बोलणं घरच्यांनीच करावं. आणि ज्यांची सेवा व्हायची त्यांनाही विचारा: आंघोळ कुणाच्या हातून चालेल, किती वाजता? शरीर थकलं म्हणून लाज सुटत नाही.

"ओळखीच्या बाईला कागद दाखवायचा म्हणजे अविश्वास नाही का?" असं काही जण म्हणतील. उलट तो कागद तिचीही ढाल आहे. तास, पगार, सुट्टी ठरलेली असते आणि जड माणूस एकटीने उचलायचा नाही, हेही त्यात लिहिता येतं. दुसरा आक्षेप पैशांचा: "सरकारी कार्ड आहे की!" सत्तरी ओलांडलेल्यांना 2024 पासून आयुष्मान कार्डावर उत्पन्नाची अट न लावता पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर, घरच्या मावशीचा पगार त्यातून निघत नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पात्र ज्येष्ठांना साहित्यासाठी एकदाच 3000 रुपये मिळतात. त्यातून कमोड खुर्ची किंवा वॉकर घेता येतो. तेवढंही मोलाचं आहे, पण रोजच्या सेवेचा खर्च घरानेच आधी धरायला हवा. तिसरं उत्तर ठरलेलं: "सून आहे ना." पालकांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा जबाबदारी टाकतो ती मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडांवर; त्या व्याख्येत सून नाही. तेव्हा पुण्यातल्या मुलाने आणि सासरी गेलेल्या मुलीने आपला वाटा पैशात की रजेच्या दिवसांत, हे मावशी येण्याआधीच बोलून घ्यावं.

एवढं करूनही पहिला आठवडा चाचणीचाच माना. मावशीसमोरच रोज टाचा आणि पाठ पाहा, यादीत राहिलेलं काम त्याच दिवशी लिहा, आणि वाढलेल्या कामाचे पैसे त्याच महिन्यात वाढवा.