दिव्यांगांसाठी सुलभ संकेतस्थळे

दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, सातबाराचे उतारे, नोकरभरतीच्या जाहिराती यांसाठी पूर्वी तालुक्याच्या कचेरीत हेलपाटे घालावे लागत. आता यांपैकी बराचसा व्यवहार संकेतस्थळांवरून होतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. ज्यांना कचेरीच्या पायऱ्या चढणे अवघड, त्यांना या बदलाचा लाभ सर्वांत अधिक व्हावयास हवा. परंतु संकेतस्थळ तयार करताना त्यांचा विचार झालेला नसेल, तर पायऱ्यांचीच अडचण पडद्यावर नव्या रूपाने उभी राहते.

कानांनी वाचन

अंध व्यक्ती संगणक वापरते ती स्क्रीन रीडर नावाच्या आज्ञावलीच्या साहाय्याने. पडद्यावरील मजकूर ही आज्ञावली मोठ्याने वाचून दाखविते. माऊसचा उपयोग नसतो. सर्व संचार कळफलकावरून होतो. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली सुरू केलेली 'एनव्हीडीए' ही आज्ञावली विनामूल्य मिळते आणि तिच्यासोबत येणारा यांत्रिक आवाज मराठीही वाचतो. म्हणजे साधनाची वाण नाही. त्या साधनाला वाचता येईल असा मजकूर पुरविला जातो की नाही, हा खरा प्रश्न आहे.

मराठी कागदपत्रांच्या बाबतीत येथे दोन खास अडचणी येतात. परिपत्रक संगणकावर टंकलिखित होते, त्याची छापील प्रत निघते, तीवर सही-शिक्का होतो आणि मग तो कागद स्कॅन करून संकेतस्थळावर चढविला जातो. मुळात अक्षरे असलेला मजकूर या फेऱ्यात केवळ चित्र होऊन बसतो. चित्रातील अक्षरे ओळखणारी साधने आहेत. तथापि पुसट छपाई, आकड्यावर उमटलेला शिक्का किंवा रकान्यांचा तक्ता आला की त्यांच्यावर विसंबता येत नाही. अर्जाच्या अंतिम तारखेतील एक अंक चुकीचा वाचला गेला तर विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाऊ शकते.

दुसरी अडचण जुन्या फॉन्टची. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये 'भारत' हा शब्द पडद्यावर शुद्ध दिसतो, परंतु संगणकाच्या लेखी तेथे एच, के, के, जे, आर ही इंग्रजी अक्षरे असतात आणि अंध वाचकाच्या कानी तीच पडतात. युनिकोडमध्ये टंकलेखन केले की हा दोष नाहीसा होतो. (जुन्या फॉन्टमधील मजकूर शोधयंत्रालाही सापडत नाही, तेव्हा गैरसोय एकट्या अंधांचीच होते असे नाही.)

अर्ज भरण्याची अवस्था याहून बिकट. कोणत्या चौकटीत काय लिहावयाचे, याचे नाव त्या चौकटीशी जोडलेले नसेल तर स्क्रीन रीडर फक्त 'चौकट, चौकट' एवढेच सांगतो. शेवटी वाकडीतिकडी अक्षरे ओळखण्याची परीक्षा चित्ररूपानेच घेतली जाते. मग शेजारी किंवा सेवा केंद्रचालक यांची मदत घ्यावी लागते. मदत करणारी व्यक्ती भली असेलही. पण स्वतःचे उत्पन्न, आजार, पासवर्ड आणि मोबाईलवर आलेला सांकेतिक क्रमांक दुसऱ्यास सांगितल्यावाचून अर्जच करता येऊ नये, हे सुशिक्षित नागरिकाच्या वाट्याला येता कामा नये.

कर्णबधिरांना चित्रफितीखाली लिखित मजकूर लागतो. हात थरथरणाऱ्या व्यक्तीस अर्जासाठी पुरेसा अवधी हवा. 'लाल रकाने अनिवार्य' ही सूचना रंगांधास निरुपयोगी होय.

कायद्याची बाजू

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्याच्या कलम ४२ अन्वये इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुलभ स्वरूपात उपलब्ध करण्याची जबाबदारी शासनावर आहे. शासकीय संकेतस्थळांविषयीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे त्यापूर्वीच, २००९ साली, आली होती. त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ ची आहे. तथापि मार्गदर्शन आणि बंधन यांत अंतर असते. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात नेमके यावरच बोट ठेवले: सुलभतेचा नियम निव्वळ शिफारशीच्या स्वरूपाचा असल्याने तो मूळ अधिनियमाशी विसंगत ठरविण्यात आला आणि बंधनकारक नियम करण्याचा आदेश देण्यात आला. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी, डोळ्यांची उघडझाप करून ओळख पटविता न येणारे अॅसिडहल्लाग्रस्त आणि अंध व्यक्ती यांच्या याचिकांवर, डिजिटल सेवा मिळणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले.

गावपातळीवर काय शक्य आहे?

यासाठी तज्ज्ञाची वाट पाहण्याचे कारण नाही. माऊस बाजूस ठेवून केवळ टॅब कळीने आपल्या कार्यालयाच्या संकेतस्थळावरील एक अर्ज शेवटपर्यंत भरून पाहावा. कोठे अडते ते तत्काळ कळते. 'येथे क्लिक करा' असे दहा ठिकाणी लिहिण्याऐवजी 'अपंगत्व प्रमाणपत्राचा अर्ज' असे दुव्याचे पूर्ण नाव द्यावे. छायाचित्राखाली त्यात काय आहे ते एका वाक्यात सांगावे. सही-शिक्क्याची प्रत आवश्यकच असेल तर तिच्यासोबत मूळ युनिकोड मजकूरही चढवावा. ग्रामसभेची किंवा पालकसभेची सूचना मोबाईलच्या गटावर पाठविताना फलकाचे छायाचित्र पाठविण्याची प्रथा सर्वत्र आहे; त्याच्याखाली सभेची तारीख, वेळ, ठिकाण आणि विषय या चार ओळी टंकलिखित करण्यास दोन मिनिटे लागतात.