मोडीतला चारमिनार

आठवडी बाजारात जुन्या भांड्यांचं दुकान दिसलं तर थोडं थांबाच. मोडीच्या ढिगात कधीकधी चारमिनार छापलेलं नाणं सापडतं. हाली शिक्का, निजामाचं चलन! आपला जालना सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, हे वाक्य मुलं नुसतं पाठ करतात. पण नाणं हातात दिलं की विचारतात, "बाई, यावर ही अक्षरं कोणती?" मग शेजारी १९५७ चा नया पैसा ठेवा. रुपयाचे १६ आणे, आता १०० पैसे. मग आजीचे 'चार आणे' म्हणजे किती? २५ पैसे! हिशेब मुलंच करतात. वितळायला जाण्याआधी असं नाणं घेऊन ठेवा. आणि हो, चिंचेनं घासू नका, अक्षरं झिजतात.