‘त्याचं देणं आहे’ म्हणजे काय?

प्रश्न : गेल्या महिन्यात माझे वडील मिरजेच्या एका दवाखान्यात पंधरा दिवस होते. शेजारच्या खाटेवर एक चाचा होते. उठून बसताही येत नव्हतं, तरी पडल्यापडल्या मानेच्या खुणांनी ते पाची वेळा नमाज पढायचे. वॉर्डातल्या एक सिस्टर ख्रिस्ती होत्या. पाळी सुरू करण्याआधी त्या दाराशी डोळे मिटून क्षणभर उभ्या राहायच्या. मी दोघांनाही विचारलं, देवाला याची काय गरज? चाचा म्हणाले, ‘हे त्याचं देणं आहे, बाळा.’ सिस्टर म्हणाल्या, ‘त्यानं आधीच सगळं दिलंय, मी फक्त आभार मानते.’ दोघंही एकच देव मानतात, मग उत्तरं वेगळी का? आणि एवढ्या आजारातही नमाजातून सूट का नाही?
– एक वाचक, सांगली

उत्तर : देवाला गरज आहे, असं या दोघांपैकी कुणीच मानत नाही. कुर्बानीच्या जनावराचं मांस किंवा रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, पोचते ती माणसाची निष्ठा, असं कुराणाच्या बाविसाव्या सूरेत सांगितलं आहे. बायबलमधल्या पन्नासाव्या स्तोत्रात देव जवळजवळ हेच बोलतो : रानातली सगळी जनावरं माझीच आहेत, मला भूक लागली तरी ती मी तुम्हाला कशाला सांगू? म्हणजे प्रश्न गरजेचा नाही, नात्याचा आहे. ते नातं दोन धर्मांनी दोन तऱ्हांनी पाहिलं, म्हणून तुम्हाला दोन उत्तरं मिळाली.

चाचांचं आधी पाहू. इस्लाममध्ये माणूस हा अल्लाहचा बंदा, म्हणजे सेवक. ‘बंदगी’ हा शब्द त्यातूनच आला. माणसांना आणि जिनांना आपण केवळ आपल्या उपासनेसाठी निर्माण केलं, असं अल्लाह कुराणात सांगतो. आणखी एक विलक्षण आयत आहे. अल्लाहनं एक अमानत आकाशांपुढे, धरतीपुढे आणि डोंगरांपुढे ठेवली. तिच्या भारानं ती सगळी घाबरली आणि नको म्हणाली. माणसानं ती उचलली. चाचा ‘देणं’ म्हणाले ते या अर्थानं. अमानत स्वीकारली की तिचा हिशेब आलाच. कलमा, नमाज, रोजा, जकात आणि हज हे पाच आधारस्तंभ म्हणजे त्या हिशेबाचा रोजचा, वर्षाचा आणि आयुष्याचा भाग. जकातीला तर चक्क आकडा आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त संपत्ती वर्षभर जवळ राहिली, तर तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, गरिबांचा.

या संदर्भात ‘हक्क’ या शब्दाकडे जरा पाहा. मूळ अरबी शब्द, आपण मराठीत रोज वापरतो, पण ‘माझा हक्क’ एवढ्याच अर्थानं. मुसलमान धर्मशास्त्रात दोन प्रकारचे हक्क सांगितले आहेत आणि दोन्ही दुसऱ्याचे आहेत. एक अल्लाहचा माझ्यावरचा हक्क, दुसरा माणसांचा माझ्यावरचा हक्क. उलेमा, म्हणजे धर्मपंडित, सांगतात की अल्लाहच्या हक्कात कसूर झाली, तर पश्चात्ताप केल्यावर तो माफ करील. शेजाऱ्याचे पैसे बुडवले असतील, तर आधी ते परत केले पाहिजेत किंवा त्या शेजाऱ्यानं सोडून दिले पाहिजेत. नुसती नमाज पढून ते फिटत नाहीत. ही शिकवण मला फार मोलाची वाटते. देवाशी असलेला व्यवहार माणसाला बगल देऊन पुरा होत नाही, हे इतकं रोखठोक क्वचित कुणी मांडलं असेल.

नमाजातून सूट मिळण्याबद्दल तुम्ही विचारलंत. सूट आहे, आणि भरपूर आहे. आजाऱ्यानं आणि प्रवाशानं रोजे पुढे ढकलावेत, नंतर भरून काढावेत. बरं होण्याची आशाच नसेल, तर प्रत्येक रोज्याबद्दल एका गरिबाला जेवू घालावं. नमाजाआधी वजू, म्हणजे हातपाय-तोंड धुणं, करायचं असतं. पाण्यानं अपाय होणार असेल, तर स्वच्छ मातीवर हात टेकवून ते चेहऱ्यावर आणि हातांवर फिरवावेत, तेच वजूच्या जागी मानावं. उभं राहता येत नसेल तर बसून नमाज पढावी, बसता येत नसेल तर पडून. चाचा मानेनं खुणा करत होते, तीच ती सूट. मात्र शुद्ध आहे तोवर नमाज सहसा पूर्णपणे सुटत नाही. कारण ती श्रमाची वसुली नाही, हजेरी आहे. शरीर जेवढं साथ देईल तेवढीच हजेरी, पण आपण कुणाचे आहोत हे दिवसातून पाच वेळा आठवायचं.

अशा हजेरीचं उदाहरण मिरजेत दूर शोधायला नको. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ विसावले आहेत. 1937 सालच्या ऑक्टोबरमध्ये पाँडिचेरीकडे जाताना गाडीतच त्यांना अस्वस्थ वाटू लागलं. ते सिंगपेरुमलकोइल या छोट्या स्टेशनावर उतरले आणि तिथंच त्यांचा अंत झाला. फलाटावर त्यांनी नमाज पढली आणि दरबारीच्या सुरांत कलमा गायला, असं त्यांचे शिष्य-चाहते सांगत आले आहेत. ती आठवण ऐकली की तुमचे चाचा मला अनोळखी वाटत नाहीत. (दर्ग्याला जाणं हे मात्र फर्ज, म्हणजे बंधनकारक, नव्हे. उपासना फक्त अल्लाहची. वलींविषयी, म्हणजे संतांविषयी, किती आदर दाखवावा, यावर मुसलमानांत मतभेद आहेत.)

आता सिस्टरकडे येऊ. ख्रिस्ती श्रद्धेत पहिला शब्द ‘कृपा’ हा आहे. माणूस आपल्या कर्तबगारीनं देवाचं ऋण फेडूच शकत नाही. येशूच्या क्रुसावर देवानंच ते फेडलं. म्हणून माणसाच्या वाट्याला उरतं ते विश्वासानं ते स्वीकारणं आणि प्रेमानं जगणं. सगळ्यात मोठी आज्ञा कोणती, असं येशूला विचारलं तेव्हा त्यानं दोन सांगितल्या : देवावर पूर्ण मनानं प्रीती कर आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी कर. इथं ठरलेल्या वेळांची नमाज नाही, जकातीसारखा सक्तीचा आकडा नाही. दशमांश देण्याची जुन्या करारातली रीत अनेक मंडळ्या पाळतात. कॅथलिकांना रविवारची मिस्सा बंधनकारक आहे. पण याचा अर्थ ख्रिस्ती माणूस मोकाट सुटला असा नाही. कृतीवाचून विश्वास मेलेला, असं याकोबाचं पत्र बजावतं. झाड जिवंत असेल तर फळ येणारच, अशी ती समजूत आहे.

तुमच्या भागात ख्रिस्ती शिकवण आणणारे बरेचसे मिशनरी प्रेस्बिटेरियन पंथाचे होते. त्या पंथाचं 1647 सालचं धर्मशिक्षणाचं एक छोटं पुस्तक याच सदरासारखं प्रश्नोत्तरांचं आहे. पहिलाच प्रश्न असा की माणसाच्या जगण्याचा मुख्य हेतू काय? उत्तराचा आशय असा की देवाचा गौरव करावा आणि त्याच्या सहवासाचा आनंद सदैव घ्यावा. कर्तव्याच्या व्याख्येतच आनंद! सिस्टरचा ‘आभार’ हा शब्द याच घरातला आहे. साताऱ्यात 1917 साली ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांनी ‘देवाचा दरबार’ हा भक्तमेळा उभारला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा ठेवली, तेव्हा त्यांनाही नेमधर्मापेक्षा ही जिव्हाळ्याची भक्तीच हवी होती. ती त्यांनी अभंगातून आणि भजनातून मराठी केली.

प्रेस्बिटेरियन पंथाचाच, कॅनडात जन्मलेला एक तरुण डॉक्टर 1889 मध्ये भारतात आला आणि 1894 मध्ये त्यानं मिरजेत रुग्णालय सुरू केलं. ते विल्यम वॉनलेस. 1928 मध्ये ते ‘सर’ झाले. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीला त्यांचंच नाव आहे. धर्मप्रसार हा त्या कामाचा उघड भाग होता, ते लपवण्याचं कारण नाही. पण देवाचे आभार मानायला इथं शस्त्रक्रियेचं टेबल का हवं वाटलं, हेही समजून घेतलं पाहिजे. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय वाचा. न्यायाच्या दिवशी राजा म्हणतो की मी भुकेला होतो, आजारी होतो, तुम्ही माझ्याकडे आलात. लोक विचारतात, कधी? तो म्हणतो, माझ्या या अगदी लहान भावांपैकी एकासाठी केलंत, ते मलाच केलंत.

आणि आता ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहातली, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहातली, एक हदीस. कयामतीच्या दिवशी अल्लाह विचारील, आदमपुत्रा, मी आजारी होतो, तू मला भेटायला आला नाहीस. माणूस गोंधळून म्हणेल, तू तर साऱ्या जगाचा पालनकर्ता, तुला कसा भेटायला येणार? उत्तर येईल, माझा अमुक बंदा आजारी होता. त्याच्याकडे गेला असतास, तर मी तुला त्याच्याजवळ सापडलो असतो.

तुमच्या प्रश्नाचा गाभा मला या दोन प्रसंगांत दिसतो. दोन्हीकडे देव आजाऱ्याच्या खाटेशी आहे. पण मत्तयात तो म्हणतो ‘ते मलाच केलंत’, आणि हदीसेत म्हणतो ‘त्याच्याजवळ सापडलो असतो’. ख्रिस्ती श्रद्धेत देव माणूस होऊन दुःख सोसतो, म्हणून रुग्णात त्याला पाहता येतं. इस्लाममध्ये अल्लाह अल्लाहच राहतो, बंदा बंदाच. पण त्या खाटेपाशी तो इतका जवळ असतो. हा फरक पुसून ‘सगळं एकच’ म्हणणं सोपं आहे. पण त्यात चाचांचाही मान राहत नाही आणि सिस्टरचाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलं आहे की चाचा आता घरी आलेत, आपण परक्या धर्माचे, भेटायला गेलं तर चालेल का, असा संकोच वाटतो. जरूर जा. पैगंबरांची सेवा करणारा एक यहुदी मुलगा आजारी पडला, तेव्हा ते स्वतः त्याच्या उशाशी जाऊन बसले होते. आजाऱ्याची विचारपूस हा मुसलमानाचा मुसलमानावरचा हक्कच मानला आहे, आणि या प्रसंगात ती धर्माच्या पलीकडेही गेलेली दिसते. नमाजाची वेळ असेल तर दाराशी थोडं थांबा. फार वेळ बसू नका, त्यांना थकवा येईल. आणि सिस्टर भेटल्या, तर चाचा बरे आहेत एवढं त्यांनाही कळवा.