रजिस्टर दाखवा म्हणायचं

अगं, तू पाठवलेलं ते फिल्म कॉलेजचं माहितीपत्रक पाहिलं. मुखपृष्ठावर ड्रोन, आत क्रेन, शेवटच्या पानावर एका नामवंत दिग्दर्शकाभोवती उभी असलेली हसरी मुलं. छान आहे. आता ते बाजूला ठेव आणि मी काय सांगते ते ऐक. मावशी तुला म्हणाली ना, ‘फोटो काढायला डिग्री कशाला लागते?’ तिच्यावर एवढी चिडू नकोस. तिचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाहीये.

कारण खरंच लागत नाही. चैतन्य ताम्हाणेनं ‘कोर्ट’ केला तेव्हा त्याच्याकडे फिल्म स्कूलचा कागद नव्हता, तो इंग्रजी साहित्य शिकलेला. नागराज मंजुळे आधी मराठीत एम.ए. झाले, मग नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकायला गेले आणि त्या शिक्षणातूनच ‘पिस्तुल्या’ आला. ‘किल्ला’वाला अविनाश अरुण मात्र एफटीआयआयचा. आणि तू तर कोल्हापूरची! तुमच्याकडे बाबूराव पेंटरांनी कॅमेरा घरी तयार केला, 1917 मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. शांताराम, दामले, फत्तेलाल तिथेच पडेल ते काम करत शिकले. त्यांनी ‘प्रभात’ काढली, ती 1933 मध्ये पुण्याला गेली, आणि त्याच जागेवर 1960 साली फिल्म इन्स्टिट्यूट, म्हणजे आताची एफटीआयआय, उभी राहिली. शिकणं तेच, फक्त उमेदवारीच्या जागी अभ्यासक्रम आला.

म्हणून मला विचारशील तर पदवीत आपण दोनच गोष्टी विकत घेतो. यंत्रं हाताळायला मिळणारा वेळ, आणि आपल्यासारखीच झपाटलेली चार माणसं. बाकी सगळं यूट्यूबवर आहे. तेव्हा कॉलेज बघायला गेलीस की ‘तुमच्याकडे कुठले कॅमेरे आहेत’ हे विचारूच नकोस. ते कौतुकानं दाखवतील, काचेच्या कपाटातला महागडा सिनेमा कॅमेराही दाखवतील. तू म्हण, स्टोअरचं रजिस्टर दाखवा. कोणी, कधी नेला, कधी परत आणला. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या सह्या त्यात आहेत का? शनिवार-रविवारी सामान बाहेर जातं की कुलपात असतं? साठ मुलांच्या वर्गाला दोन चालू कॅमेरे असतील तर तुझ्या वाट्याला बघ्याचीच भूमिका येणार, मग कॅमेरा कितीही भारी असो. बूम आणि रेकॉर्डरच्या नोंदीही बघ. ध्वनीचं सामान धूळ खात पडलेलं असेल तर तिथल्या फिल्म्स कशा ऐकू येत असतील ते तूच ओळख. फोटोग्राफीसाठी जात असलीस तर स्टुडिओतल्या फ्लॅशची वेळ कशी वाटून देतात ते विचार. डार्करूम असेल तर आत जा आणि नुसता वास घे. रसायनांचा वास येत नसेल तर ती खोली फक्त पाहुण्यांसाठी आहे.

मग कॅन्टीनमध्ये जा. तिसऱ्या वर्षाची कुणी मुलगी दिसली तर तिच्याबरोबर चहा घे आणि सहज विचार, ‘शूटिंग संपलं की कार्ड फॉरमॅट कधी करता?’ ती म्हणाली, ‘लॅपटॉपवर टाकलं की,’ तर समज की त्यांना सेटवर फारसं कुणी नेलेलं नाही. खरं काम केलेली मुलगी सांगेल की आधी दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर कॉपी, कॉपी पूर्ण झाली की नाही त्याची पडताळणी, मग दोन-चार क्लिप उघडून शेवटपर्यंत बघायच्या, कार्डाच्या डबीवर चिकटपट्टी लावून तारीख लिहायची, आणि ज्याच्याकडे जबाबदारी आहे त्यानं हो म्हटल्याशिवाय कार्डाला हात लावायचा नाही. मी एडिटच्या टेबलावर बसते, मला विचार या एका सवयीची किंमत. ही सवय पुस्तकातून लागत नाही, कुणीतरी पाठीशी उभं राहून ओरडावं लागतं. तसं ओरडणारं माणूस त्या कॉलेजात आहे का, हे तुला त्या चहात कळेल.

मुलांच्या फिल्म्स मागून घे. बक्षीस मिळालेली एक दाखवतील, तू गेल्या वर्षीच्या सगळ्या माग. आणि श्रेयनामावली थांबवून थांबवून वाच. दिग्दर्शन विद्यार्थ्याचं, पण छायाचित्रण, संकलन, ध्वनी बाहेरच्या माणसांचं, असं दर दुसऱ्या फिल्ममध्ये दिसलं तर काय झालंय ते उघड आहे. आईबाबांनी पैसे दिले, बाहेरची टीम आली आणि लेकरू खुर्चीवर बसलं. तिथेच विचारून टाक, की फिल्मचा खर्च फीमध्ये धरलाय की वेगळा? जेवण, गाडी, लोकेशन, कलाकारांचं जाणं-येणं, हे सगळं कुणाच्या खिशातून? फिल्मचे हक्क कुणाकडे राहतात, महोत्सवाला पाठवायची तर परवानगी कुणाची? अशा वेळी मावशी बरोबर असू दे, पैशांचं ती आपल्यापेक्षा चांगलं विचारते.

शिक्षकांचं फार लांबवत नाही. भिंतीवरचे फोटो पाहुण्यांचे असतात. रोज वर्गात येणारं कोण, एवढंच बघ.

आता कागदाविषयी. कागद अगदीच फालतू नाही बरं का. एफटीआयआयच्या दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांना आधी पदवी लागते, पण ती कुठल्याही शाखेची चालते. उद्या स्पर्धा परीक्षा द्यावीशी वाटली, परदेशात पुढे शिकावंसं वाटलं, तरी पदवी हवीच. म्हणून प्रमाणपत्रावर नाव कुणाचं असणार ते आधीच विचार. इमारतीवर एक नाव, पदवी देणारं विद्यापीठ दुसरंच आणि तेही भलत्याच राज्यातलं, असे प्रकार असतात. ते विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का, ते तू स्वतः बघ, त्यांनी दिलेल्या लिंकवर जाऊ नकोस. बी.ए., बी.एफ.ए., बी.व्होक. यांतलं नक्की काय, तेही लिहून घे. आणि फीचं गणित मांडताना एक लक्षात ठेव. 2024 पासून महाराष्ट्रात आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ आहे. पण खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांत ती माफी चालत नाही, आणि फिल्मची बरीचशी चकचकीत कॉलेजं नेमकी त्यांतच मोडतात.

‘आमच्याकडे प्लेसमेंट आहे’ यावर हसून मान हलव. आमच्या धंद्यात महिन्याचा पगार थोड्यांना, बाकी सगळे दिवसावर. काम झाल्यावर पैसे यायला दोन-तीन महिने सहज जातात. त्यामुळे मोठं कर्ज काढून ही पदवी घेणं मला पटत नाही, स्पष्टच सांगते. कर्जाचा हप्ता एक तारखेला जातो, निर्मात्याचा चेक तसा येत नाही.

आणि विषय कुठला? तू ‘दिग्दर्शन’ लिहिलंयस. अठराव्या वर्षी दिग्दर्शनाच्या पदवीवर माझा विश्वास नाही. सांगायला काही साठायला तर हवं ना! कॅमेरा, संकलन, ध्वनी यातलं एक हत्यार आधी धर. ध्वनीचं तर खास सांगेन, तिथे माणसं कमी आणि कामं बरी, शिवाय चांगले कान असलेला दिग्दर्शक आपल्याकडे विरळाच. फोटोग्राफीची पदवीही मला त्यामानानं जास्त पटते. तिथे तू एकटी, तुझा प्रकाश आणि रोजचं काम. बाहेर पडल्यावर लग्न, दागिने, हॉटेलचं जेवण, वर्तमानपत्र, कुठेही पोट भरता येतं. उपयोजित कलेचा बी.एफ.ए. करूनही त्या वाटेला जाता येतं, जे.जे.ची कितीतरी मुलं तशीच गेली. त्यासाठी दृश्यकलेची सीईटी असते, तिच्या तारखा चुकवू नकोस. बारावीच्या गडबडीत हमखास निसटतात.

अजून एक, हे मावशीसमोर बोलू नकोस, उगाच घाबरेल. रात्रीच्या शूटिंगनंतर मुलींना हॉस्टेलवर कोण सोडतं? तक्रार समितीत कोण कोण आहे, त्यांची नावं मुलींना तोंडपाठ आहेत का? कॅमेरा विभागात मुली किती? आपल्याकडे कॅमेऱ्यामागच्या बायकांनी 2017 मध्ये स्वतःची एक संघटना काढली, इंडियन विमेन सिनेमॅटोग्राफर्स कलेक्टिव्ह. त्यांची कामं शोधून बघ. ‘ट्रायपॉड उचलायला मुलीला जमेल का’ असं कुणी म्हणालं तर वाद घालू नकोस, उचल आणि चालायला लाग.

राहिला मुलाखतीचा पोर्टफोलिओ. सूर्यास्त नको, रंकाळ्यावरची धूसर सकाळ तर मुळीच नको, ती प्रत्येकाकडे असते. फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी भांडवल देणाऱ्याला काय दाखवलं होतं माहितीय? वाटाण्याचं रोप कसं वाढतं, ते एकेक चौकट टिपून केलेली इवलीशी फिल्म. ना कथा, ना नट. पण हा माणूस चिकाटीनं एक गोष्ट शेवटाला नेतो, हे तिच्यातून दिसत होतं. तूही एकच जागा घे, तुमच्या गल्लीतला तो चपला शिवणारा किंवा पहाटेचा दूधकट्टा, आणि त्याचेच दहा-बारा फोटो कर, ऊन बदलेल तसे. फोनवर काढलेस तरी चालतील, फक्त फिल्टर लावू नकोस. ते फोटो त्या चपला शिवणाऱ्या काकांना विचारल्याशिवाय काढू नकोस आणि काढल्यावर त्यांना छापून नेऊन दे. झाले की मला पाठव, व्हॉट्सॲपवर नको, तिथे चित्र फार दाबलं जातं. ड्राइव्हवर टाक.