ट्रेसिंगमधली गाळणी कुठे लावावी?

प्रश्न : लिनक्स सर्व्हरवर ट्रेसिंग सुरू करताच यंत्र मंदावते. नोंदी ग्रेपने गाळूनही फरक पडत नाही. उपाय काय?

उत्तर : ग्रेपपर्यंत नोंद पोहोचते तेव्हा खर्च होऊन गेलेला असतो, ती बफरमध्ये लिहून, मजकुरात बदलून, वाचूनही झालेली असते. गाळणी कर्नेलमध्येच हवी. एफट्रेस या कर्नेलच्या ट्रेसिंग सुविधेत प्रत्येक इव्हेंटच्या डिरेक्टरीत ‘फिल्टर’ नावाची फाइल असते. ‘राइट’ सिस्टिम कॉलच्या इव्हेंटसाठी तिच्यात ‘काउंट ४०९६ पेक्षा मोठा’ अशी अट घातली, की किरकोळ लेखनाच्या नोंदी बफरमध्ये साठतच नाहीत.

मात्र फील्ड भरल्याशिवाय अट तपासता येत नाही, आणि रिंग बफरमध्ये घेतलेली जागा परत करणे महाग पडते. म्हणून नोंद सहसा आधी त्या सीपीयूच्या तात्पुरत्या पानावर तयार होते आणि अट जुळली तरच बफरमध्ये उतरते. थोडक्यात, नाकारलेली घटनाही फुकट नसते. शेड्युलरसारखे सतत वाजणारे इव्हेंट नको असतील तर फिल्टरच्या भरवशावर न सोडता सरळ बंद ठेवावेत. बंद इव्हेंटचा भार जवळपास शून्य असतो. नोंदींऐवजी नुसती मोजदाद हवी असेल, तर ती कर्नेलमध्येच उरकणारे ईबीपीएफ अधिक सोयीचे.