बुलबुल तरंग

जालना जिल्ह्यात लग्नाची वरात निघाली, की बेंजोचे सूर कानी पडतात. या बेंजोचेच दुसरे नाव बुलबुल तरंग. ‘बुलबुल’ तुम्हांला उर्दूतून माहीत आहे. ‘तरंग’ म्हणजे लाट. दोन भाषांनी मिळून हे गोड नाव झाले. कव्वालीतही हे वाद्य वाजते.

त्याचे मूळ जपानमध्ये आहे. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी टंकलेखन यंत्रासारखी बटणे असलेले तंतुवाद्य तयार केले. बटण दाबले, की तारेचा वाजणारा भाग आखूड होतो आणि स्वर उंच होतो.

पण लाकडी पेटीचा आवाज तो केवढा! रस्त्यावरच्या गर्दीत तो कसा ऐकू येणार? यावर उपाय साधा आहे. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेढे देतात आणि तो वाद्याच्या पोलादी तारांजवळ बसवतात. तारा थरथरल्या, की वेढ्यांत थोडीशी वीज निर्माण होते. ध्वनिवर्धक ती वाढवतो आणि कर्ण्यातून सूर घुमू लागतात. कर्णे हातगाडीवर, सोबत बॅटरी; झाली ‘बेंजो पार्टी’ तयार!

पुष्कळ वादक ऐकून ऐकूनच शिकतात. जवळ साधने थोडी, पण आनंद साऱ्या गल्लीला! साधनांवाचून कला अडत नाही; ती अडते सरावावाचून.

शब्दार्थ
तंतुवाद्य – तारांचे वाद्य
वेढा – गुंडाळलेला फेरा
अडणे – थांबणे

स्वाध्याय
१. बटण दाबल्यावर स्वर का बदलतो?
२. ‘साधनांवाचून कला अडत नाही,’ असे लेखक का म्हणतो?